डाव्या हाताचा चहा

कुसुम गानू ही बाई गोड नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या नावाने बोटं मोडायला नको. त्यांच्या दारावर पाटी आहे: ‘चपला ओळीत काढाव्यात. जमत नसल्यास घालूनच परत जावे.’ धायरीतल्या या सोसायटीत मी राहायला आले, तेव्हा शेवयांची खीर घेऊन पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं आणि म्हणाल्या, “वेलदोडा जास्त झालाय. ठेवा.” दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती लख्ख घासून, आत नारळाच्या वड्या घालून. वड्या अप्रतिम होत्या. सोबत एक शब्द गोड आला असता तर बिघडलं नसतं, पण तो आला नाही.

मी नाजिमा. महापालिकेच्या शाळेत मुलांना मराठी शिकवून निवृत्त झाले. आमची दारं समोरासमोर आहेत आणि तोंड मलाही आहे, म्हणून आमचं जमलं. वर्षभरात त्या मला ‘अगं नाजिमा’ म्हणायला लागल्या. मी ‘कुसुमताई’वरच राहिले, कारण वयाने त्या मोठ्या, आणि त्यांना ‘अगं’ म्हणायची छाती त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही झाली नसती.

त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. खडकवासल्याचं पाणी कुठल्या कालव्याला कधी सोडायचं, कधी तोडायचं, त्याचे आदेश त्यांच्या टेबलावरून जायचे. साहेब सही करत, पण मसुदा बाईंचा. पाण्यावरून भांडायला येणारे मोठमोठे लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहत आणि त्या चष्म्यावरून बघत विचारत, “अर्ज आणलाय का?” यजमान, श्यामराव, साधा माणूस होता. चार वर्षांपूर्वी झोपेतच गेला. मागे राहिल्या या, हा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि सलिल.

सलिल म्हणजे एकुलता एक मुलगा. बालेवाडीला राहतो. बालेवाडी म्हणजे काही अमेरिका नाही, याच पुण्यात आहे. पण सिंहगड रोडचं नाव काढलं की हा असा सुस्कारा टाकतो, जसा काही व्हिसाच नाकारलाय. माझा आमीर कात्रजला असतो आणि तोही ईदशिवाय उगवत नाही, तेव्हा मुलांचं कौतुक मला कुणी सांगू नये. फरक इतकाच, की आमीरने येणं बंद केलं ते सरळ बंद केलं. सलिलने त्याच्या बदल्यात भिंतीवर कॅमेरा टांगला.

पांढरा, मुठीएवढा कॅमेरा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या वर. तिथून सोफा दिसतो, दार दिसतं आणि स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. “तुझ्या काळजीपोटी, आई,” असं म्हणून त्याने तो लावला. एक ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, तेच आईच्या फोनवरही घालून दिलं, म्हणजे आईला आपण कशा दिसतो ते बघता येईल. केवढा हा उदारपणा! आणि जाताना दारात उभा राहून माझ्यासमोर म्हणाला, “एकटी राहतेस, राहा. पण एकदा जरी पडलीस ना आई, तर मी काही ऐकून घेणार नाही. तळेगावच्या बाजूला ज्येष्ठांसाठी छान प्रकल्प झालाय. तिथे खोली बघून ठेवलीय. मग हा फ्लॅट काढून टाकू.”

काढून टाकू, म्हणे. फ्लॅट कुसुमताईंच्या नावावर आहे हे खरं, पण एकुलत्या एका मुलाशी कोर्टकचेरी करायला कोण बसणार? बाई कितीही कडक असल्या तरी त्या बाबतीत हात टेकतील, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट महत्त्वाची उरली: पडायचं नाही. आणि पडलोच, तर दिसायचं नाही.

दोन वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर ताठ मानेने वावरल्या. गुडघा दुखला तरी सोफ्यावरून उठताना हात टेकायच्या नाहीत. लोणचं खायला माझ्याकडे यायच्या, कारण सलिलने बीपीसाठी लोणचं बंद केलं होतं. श्यामरावांच्या श्राद्धाच्या दिवशी रडायला माझ्याकडे आल्या. रडून झाल्यावर तोंड धुतलं, माझा नॅपकिन कुबट आहे असं सांगितलं आणि परत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसल्या. तो मुलगा माझ्या वर्गात असता ना, तर बाकावर उभं केलं असतं.

आणि मग त्या पडल्याच.

दुपारची वेळ होती. ओट्याजवळ पाणी सांडलं होतं, त्यावरून पाय सरकला. उजवा हात खाली आला. दूध तापत होतं, ते उतू जाऊन गॅस विझला, तो बंद करायलाही त्यांना उठता येईना. खालून कसाबसा हात लांबवून त्यांनी बटण फिरवलं. मग तशाच पडून राहिल्या. समोर भिंतीवर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा जळत होता. “तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे,” त्या मला नंतर म्हणाल्या. “मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याला ऐकूही गेलं असतं.” बऱ्याच वेळाने ओट्याला धरून उठल्या, पदर नीट केला आणि माझी बेल वाजवली. डाव्या हाताने.

मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी फळी लावून पट्टी बांधली, तीन आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. रिक्षात बसल्या बसल्या कुसुमताईंनी मला दम दिला, “सलिलला कळता कामा नये.”

“कळता कामा नये काय? त्याने बघितलं असेल की.”

“तेच तर.”

त्या आठवड्यात त्यांनी फोनची जेवढी वाट बघितली, तेवढी लग्नाआधी श्यामरावांच्या पत्राचीही बघितली नसेल. फोन आला तो रविवारी, नेहमीप्रमाणे. सलिल ट्रॅफिकबद्दल बोलला, पाऊस लांबल्याबद्दल बोलला, “जेवलीस का?” म्हणाला आणि ठेवला. पडण्याचं नाव नाही. मी म्हटलं, सुटलात, त्याने पाहिलंच नाही. कुसुमताईंनी मान हलवली. “तू भाबडी आहेस. त्याने बघितलंय. जपून ठेवलंय. वेळ आली की काढेल बाहेर. मी तेहतीस वर्षं सरकारी खात्यात काढलीत, मला कळतं माणूस गप्प का बसतो ते.” त्यांची भीती आता अशी, की एक पुरावा त्याच्याकडे गेलाय, दुसरा जाऊ द्यायचा नाही. पट्टी बांधलेला हात तर रोज त्या कॅमेऱ्यासमोरच होता. डाव्या हाताने चहा करायचा, डाव्या हाताने कपडे वाळत घालायचे, सगळं त्या हिरव्या दिव्यासमोर.

मी साधा उपाय सांगितला: कॅमेऱ्याची वायर काढा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना चोरी करायला सांगितली. “वायर काढली की तो म्हणेल, आई लपवते. गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. वायर नाही काढायची. दार आपल्या ताब्यात घ्यायचं.”

दार म्हणजे राउटर. टीव्हीखाली इंटरनेट कंपनीचा काळा डबा होता, घरातलं सगळं इंटरनेट त्यातून आत-बाहेर जायचं. त्याचा पासवर्ड कंपनीला माहीत, कंपनीच्या एजंटला, दत्तोबाला, माहीत आणि सलिलला माहीत, कारण कनेक्शन त्याच्या नावावर. घराच्या मालकिणीला तेवढा माहीत नाही. “माझ्या घराला एक दार आहे,” कुसुमताई म्हणाल्या, “त्याच्या किल्ल्या तीन बाप्यांकडे आहेत आणि मी आत राहते. हे काय घर झालं?” हा डबा काढून तिथे स्वतःची फायरवॉल बसवायची, असं त्यांनी ठरवलं. फायरवॉल म्हणजे काय, ते त्यांनी मला कालव्याच्या दारांवर समजावलं. पाणी तेच, धरण तेच, पण कुठलं दार किती वाजता उघडायचं आणि कुणासाठी, ते आपण ठरवायचं. वर कुणी किती पाणी नेलं तेही दिसतं. म्हटलं, एवढं सोपं असतं तर सगळ्यांनी केलं असतं. त्या म्हणाल्या, “सगळ्यांना दाराची पर्वा नसते.”

त्यासाठी लाइनचं युजरनेम आणि पासवर्ड हवा होता. तो दत्तोबाकडे. दत्तोबा मूळ धायरी गावातला, आधी केबल टीव्ही चालवायचा, आता इंटरनेट. त्याच्या गाळ्यात आम्ही दोघी गेलो, एकीचा हात गळ्यात.

“मावशी, पासवर्ड न्हाय देत आपण कस्टमरला,” तो मोबाइलवरून मानही वर न करता म्हणाला. “वरून आर्डर हाय.”

“लेखी आहे का?”

“काय?”

“ऑर्डर. लेखी असेल तर दाखवा.”

“अवो, लेखी कुठं असतंय असलं? आणि तुमाला करायचंय काय? डबा चालतोय न्हवं?”

“चालतो की नाही हे मी विचारलेलं नाही. पासवर्ड विचारलाय.”

“कनेक्शन सलिलसाहेबांच्या नावावर हाय. त्यांना सांगा फोन करायला.”

कुसुमताई समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मला म्हणाल्या, “नाजिमा, डबा काढ.” मी पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढला. आम्ही दत्तोबाच्या टेबलावर जेवलो. नंतर ताक प्यायलो. गिऱ्हाईक आलं की कुसुमताई त्याला स्वतःहून सांगायच्या, “आम्ही पासवर्डसाठी बसलोय. तुमचा आहे का तुमच्याकडे? नाही? मग विचारून घ्या.” तिसऱ्या गिऱ्हाइकाने खरोखरच विचारलं. तेव्हा दत्तोबाने कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी खरडल्या आणि हात जोडले. “घ्या आन् जावा, आईसाहेब. पर बंद पडलं तर माझ्याकडं येऊ नका.”

“तुमच्याकडे यायची हौस कुणाला आहे?” असं म्हणून बाई उठल्या.

चार भोकांचा एक लहानसा संगणक ऑनलाइन मागवला, टिफिनच्या डब्याएवढा. वाय-फायसाठी छताला लावायची एक पांढरी चकती वेगळी. व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा बघत त्यांनी पेनड्राइव्हवरून त्यात फायरवॉल चढवली. स्क्रू मी पिळले, वायरी मी खुपसल्या, कारण त्यांचा हात फळीत. दोन हात माझे, डोकं त्यांचं आणि शिव्याही त्यांच्याच. “ती नाही, दुसरी वायर. दुसरी! अगं, दुसरी म्हणजे दुसरी!” एवढी वर्षं मुलांवर ओरडले त्याचं सगळं व्याज मी त्या दोन दिवसांत फेडलं. सोसायटीत सगळ्यांचं इंटरनेट चालू आणि यांच्याकडे शुकशुकाट. एका चुकीच्या सेटिंगने आपण आपल्यालाच बाहेर कोंडलं, हे लक्षात यायला पूर्ण दिवस गेला. सगळं पुसून पुन्हा चढवलं.

शेवटी चाललं. आणि बाईंनी पहिला नियम काय लिहावा? एक ते चार, इंटरनेट बंद. मी हसले. त्या हसल्या नाहीत. “दुपारची वामकुक्षी ही माझी आहे, तशी घराचीही आहे. त्या वेळात मेसेज नको, फोन नको, काही नको.” दुपारी आडव्या झाल्या तर फोन टिंगटिंग वाजतोच आहे. आणि संध्याकाळी, इंटरनेटवरची त्यांची मालिका ऐन रंगात आली असताना, टीव्ही काळा. जेवणं उरकेपर्यंत काळाच. दुसऱ्या दिवशी तेच. तो टिफिनचा डबा लंडनचं घड्याळ लावून बसला होता. पुण्याची दुपारची झोप त्याने लंडनच्या वेळेनुसार पाळली, म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळी. कुसुमताईंनी घड्याळ भारतात आणलं आणि मला बजावलं, “हे सोसायटीत कुणाला सांगायचं नाही.” आता इथे लिहिलंय, काय करायचं ते करा.

मग पाटी. पाहुण्याने वाय-फायला फोन जोडला की फोनवर आधी एक पान उघडतं, त्यावर आपल्याला हवं ते लिहिता येतं. ही सोय कळल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, जसा नातू झाल्यावरही खुलला नसता. मजकुरावर अख्खी सकाळ गेली. मी शिक्षिका, म्हणून शुद्धलेखन तपासलं. शेवटी असं ठरलं: ‘हे घर कुसुम श्याम गानू यांचे आहे. इंटरनेट हवे असल्यास समक्ष मागावे. मिळेलच असे नाही.’

आता उरला कॅमेरा. मला वाटलं होतं, पहिल्या फटक्यात त्याचं दार बंद होईल. पण नाही. उलट दुपारच्या नियमातूनही त्यांनी त्याला वगळलं. “तो कधी कधी बघतो ते आधी कळू दे. म्हणजे त्याच्याकडे काय काय गेलंय याचा अंदाज येईल.” टॅबवर फायरवॉलचं पान उघडलं की त्यात घरातल्या प्रत्येक वस्तूची एक रेघ दिसते, किती बाहेर गेलं त्याची. कॅमेऱ्याची रेघ सपाट होती. कुसुमताईंनी आपला फोन माझ्या हातात दिला आणि मला माझ्या घरी पिटाळलं. तिथून मोबाइल डेटावर मी ते ॲप उघडलं. पडद्यावर त्यांचा दिवाणखाना आला, त्यात टॅबवर वाकलेल्या कुसुमताई.

“चढली!” त्या तिकडून ओरडल्या.

मी ॲप बंद केलं.

“उतरली!”

म्हणजे कुणी बघितलं तरच रेघ चढते. बाकी वेळी कॅमेरा नुसता भिंतीवर बसून असतो. साठवून ठेवायची सोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते, ती सलिलने घेतलीच नव्हती, हेही त्यांना ॲपमध्येच सापडलं. मी म्हटलं, आता बसा बघत.

त्या बसल्या. टॅब पुढ्यात उभा करून भाजी निवडायच्या, पेपर वाचायच्या, एका हाताने जेवायच्या. पहिला दिवस रेघ सपाट. दुसरा दिवस सपाट. शनिवार-रविवार त्याला सुट्टी असते, तेव्हा बघेल म्हणाल्या. सपाट. रविवारी फोनवर त्याने विचारलं, “बरी आहेस ना? बघत असतो मी.” त्या वेळीही रेघ सपाटच. कुसुमताईंचा हात तेव्हा गळ्यात होता आणि दुसऱ्या हातात फोन, कॅमेऱ्याच्या अगदी समोर.

मला वाटलं, बाई सुटल्या. पुरावा गेलाच नाही, पडल्याचं कुणाला ठाऊक नाही, तळेगाव टळलं. मी पेढे आणू का विचारलं. त्यांनी माझ्यावर असा आवाज चढवला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. “पेढे कसले? दोन वर्षं! दोन वर्षं मी या भिंतीसमोर पोट आत घेऊन बसले! लोणचं खाल्लं नाही! नवऱ्यासाठी रडायला लोकांच्या घरी गेले!” लोकांच्या म्हणजे माझ्या. मला लागलं ते. मीही बोलले. म्हटलं, “बघतो म्हणून शिव्या, बघत नाही म्हणून शिव्या. तुम्हाला नक्की हवंय काय?” दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वड्या आल्या. वड्यांवर नेहमीसारखे सुरीचे सरळ काप नव्हते, वेडेवाकडे होते, डाव्या हाताचे.

तीन आठवडे झाले, पट्टी सुटली. त्याच दिवशी कुसुमताई कंपनीचा काळा राउटर पिशवीत घालून दत्तोबाच्या टेबलावर ठेवून आल्या. पोच मागितली. दत्तोबाने पोच दिली आणि त्या वळल्यावर सलिलला फोन लावला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सलिल दारात हजर. कामाच्या दिवशी. सिंहगड रोडवरून. ट्रॅफिक बहुतेक त्या दिवशी रजेवर होता.

मी तिथे चहाला बसले होते. उठायला लागले तर कुसुमताई म्हणाल्या, “बस. कुणीतरी तिसरं माणूस असलेलं बरं.”

“माझा कॅमेरा का बंद केलास?” सलिलने बूटसुद्धा काढले नव्हते.

“चपलांची पाटी वाच.”

“आई, प्लीज! दत्तोबाचा फोन आला होता. तू त्यांचा राउटर काढलास, भलतंच काहीतरी लावलंस. हे सगळं सेटअप मी किती विचार करून केलं होतं! का केलंस? काय लपवायचंय तुला?” मग माझ्याकडे वळून, “मावशी, तुम्ही तरी सांगायचं हिला.”

“मी स्क्रू पिळले,” मी म्हटलं.

त्याने डोकं धरलं. “मी रोज बघतो तुला, आई. ऑफिसमध्ये कॉल चालू असतो तेव्हाही स्क्रीनच्या कोपऱ्यात तू असतेस. त्याच्या जोरावर मी तुला इथे एकटं ठेवलंय. आता मला काही दिसणार नसेल तर हे नाही चालणार. पुढच्या महिन्यात तळेगावला शिफ्ट व्हायचं. झालं.”

“रोज बघतोस?”

“रोज.”

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली, नाहीतर फेकली असती. कुसुमताई शांत होत्या. ओट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, जिथे पडल्या होत्या बरोबर त्याच जागी.

“मग एक सांग. मागचे तीन आठवडे मी चहा कुठल्या हाताने केला?”

सलिलने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हा काय प्रश्न आहे?”

“सोपा आहे. रोज बघणाऱ्याला येईल.”

“उजव्या. तू काय डावरी आहेस?”

मी कुसुमताईंच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती नजर दिसेल, चष्म्यावरून बघणारी, ‘अर्ज आणलाय का’वाली. ती दिसली नाही. त्या नुसत्याच उभ्या होत्या, एक हात ओट्यावर टेकून.

“कॅमेरा चालू आहे,” मग म्हणाल्या. “नवं यंत्र बसवताना दोन-चार दिवस सोडले, तर एक दिवसही बंद नव्हता. उघड आणि बघ.”

त्याने फोन काढला. फोन सवयीने वाय-फायला जोडायला गेला आणि पाटी उघडली. ती त्याने वाचली, कान लाल झाले. मग मोबाइल डेटावर ॲप उघडलं. कुसुमताईंनी टॅब त्याच्यापुढे धरला. रेघ चढली.

“ही तू बघतोयस ती रेघ. मी लक्ष ठेवायला लागले तेव्हापासून पहिल्यांदा चढली. तुला खोटं वाटत असेल तर बंद करून बघ.”

त्याने केलं नाही. त्याच्या फोनमध्ये तो स्वतःच दिसत होता, बूट घालून दिवाणखान्याच्या मधोमध उभा, आणि पलीकडे ओट्याशी त्याची आई. तो त्या चित्राकडे बघत राहिला. मग अचानक त्याची नजर त्यांच्या उजव्या मनगटावर गेली. पट्टीखालची कातडी अजून फिकट होती.

“तू पडली होतीस का?”

हो म्हटलं तर तळेगाव. नाही म्हटलं तर खोटं, आणि खोटं बोलायची सवय त्या बाईला नाही.

“तू बघत होतास ना?” कुसुमताई म्हणाल्या. “मग तूच सांग.”

काय सांगणार? पाहिलं म्हणावं, तर पडलेल्या आईला तसंच ठेवून गप्प बसला. नाही पाहिलं म्हणावं, तर आत्ताच रोज बघतो म्हणाला. तळेगावचं नाव पुन्हा निघालं नाही. “येतो मी,” म्हणाला. जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला, लिफ्ट असूनही.

मला आनंद लपवता येईना. “काय पकडलात, कुसुमताई! मी असते तर दोन थोबाडीतही ठेवल्या असत्या.” त्या खुर्चीत बसल्या. मनगट चोळत म्हणाल्या, “आत कपाटात मलमाची ट्यूब आहे, आण.” मी आत गेले. पलंगाशेजारी बॅग उभी होती. चेन लावलेली, भरलेली. वर घडी घातलेली शाल, आणि शालीत गुंडाळलेला श्यामरावांचा फोटो. भिंतीवर त्याची चौकोनी पांढरी खूण तेवढी होती.

मी ट्यूब न घेताच बाहेर आले. “ही बॅग कसली?”

“काल भरली. राउटर देऊन आल्यावर. दत्तोबा फोन करणार आणि तो येणार, हे ठाऊकच होतं.”

“कशाला भरली? तुम्ही तर त्याला हाकलायची तयारी केली होतीत.”

कुसुमताईंनी टॅबकडे पाहिलं. रेघ परत खाली आली होती.

“डावा म्हणाला असता ना, नाजिमा,” त्या म्हणाल्या, “तर त्याच्या गाडीतूनच गेले असते.”

मला त्यांचा राग आला, त्या मुलाचा आला, त्या पांढऱ्या डोळ्याचा आला. मी सरळ बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात लावल्या. फोटो त्याच खिळ्यावर टांगला. घड्या चुकल्या म्हणून त्यांनी मला बोलून घेतलं.

आता हात पूर्ण बरा आहे. डॉक्टर म्हणाले, वजनसुद्धा उचला. कॅमेरा अजून तिथेच आहे आणि त्याचं दार उघडं आहे, बाकी सगळ्यावर नियम आहेत. रोज सकाळी मी समोर जाते तेव्हा बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात आणि पातेलं डाव्या हाताने उचलतात. अर्धा चहा कपात, अर्धा ओट्यावर. मी म्हणते, “कुसुमताई, पुरे आता.” त्या म्हणतात, “तू फडकं घे.” मी ओटा पुसते.